लेकीसाठी ईमेल पत्ता आत्ताच अडवून ठेवायचाय, तर...

प्रश्न फोंड्याच्या एका बाबांचा आहे. मुलगी चौदा महिन्यांची. नाव मी इथे बदलून ज्ञानदा देसाई करतो, खासगी पत्त्याबद्दल लिहायचं आणि पोरीचं खरं नाव छापायचं हे काही बरोबर दिसत नाही. त्यांनी जीमेलवर तिच्या नावाचा सरळ पत्ता शोधला तर तो गेलेला, मग मध्ये टिंब देऊन, शेवटी आकडे लावून बघितलं, आणि आता त्यांना धास्ती बसलीय की ही मोठी होईपर्यंत धड काही शिल्लकच राहणार नाही. म्हणून तिच्यासाठी एक चांगला, खासगी पत्ता आत्ताच धरून ठेवायचाय. विचारलंय तीनच गोष्टी: कुठे काढू, जन्मतारीख तिची घालू की माझी, आणि केजीच्या फॉर्मवर मुलाचा ईमेल मागतात तिथे हाच देऊ का.

मी डिचोलीला वीसेक वर्षं लोकांचे ईमेल सांभाळायचं काम करतो, आधी सायबर कॅफे होता, मग छोटी हॉटेलं, सोसायट्या, दोन-चार शाळा असं करत करत हेच पोट भरायचं साधन झालं. त्या अनुभवावरून सांगतो, पत्ता काढायला दहा मिनिटं लागतात आणि त्याची तुम्ही जेवढी काळजी करताय तेवढी गरज नाही. तुमची मुलगी तो पत्ता स्वतः वापरायला लागेल अजून बारा-पंधरा वर्षांनी. तेवढा काळ ते खातं जिवंत कोण ठेवणार, किल्ली कोणाकडे राहणार, आणि तिच्या हातात पडेपर्यंत तो पत्ता खासगी उरेल का, खरा प्रश्न हा आहे. मी स्वतः यात एकदा सपशेल नापास झालोय, ते आधी सांगतो.

आमचा मुलगा २००५ चा. तो वर्षाचा झाला तेव्हा मी मोठ्या हौसेने त्याच्या नावाचं एक फुकट खातं काढलं, नाव अगदी सरळ मिळालं होतं. बायको दर वाढदिवसाला त्या पत्त्यावर त्याला पत्र लिहायची, तो मोठा झाल्यावर वाचेल म्हणून. पाठवायची एका सामायिक खात्यातून, आणि ते खातं होतं आमच्या डायल-अप कनेक्शनबरोबर मिळालेलं. मुलाच्या खात्याला रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, मी पत्ताही तोच दिलेला. ब्रॉडबँड आलं, डायल-अप बंद केलं, ते सामायिक खातं गेलं, आणि माझ्या डोक्यात हा धागा जुळलाच नाही. मुलाच्या खात्यात लॉगिन करायचं तर कोणाला काही कारणच नव्हतं, पत्र पाठवायला लॉगिन लागत नाही ना. २०१२ मध्ये एकदा उघडायला गेलो तर खातं बरेच दिवस न वापरल्यामुळे बंद केलेलं. पाच-सहा पत्रं होती त्यात. पाठवलेल्याची कॉपी ज्या खात्यात होती ते आधीच गेलेलं. माझं काम हेच, लोक मला पैसे देतात याचे, आणि घरचं खातं असं गेलं. बायको काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बाजारातून एक शंभर पानी वही घेऊन आली, तेव्हापासून पत्रं वहीत आहेत.

तर पहिली गोष्ट, न वापरलेलं खातं मरतं. गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलं की सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झालं. याहूची मुदत बारा महिने. प्रोटॉन आणि टुटा या खासगीपणावर भर देणाऱ्या ईमेल सेवा, त्यातल्या प्रोटॉनच्या फुकट खात्यालाही बारा महिने, टुटाच्या फुकट खात्याला तर फक्त सहा. बाहेरून मेल येत राहिलं म्हणजे खातं वापरात आहे असं कोणी धरत नाही, आत जाऊन लॉगिन करावं लागतं. आणि नाव परत मिळेल याची खात्री नसते. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले जुने आयडी नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली होती, आणि ज्यांना ते मिळाले त्यातल्या काहींना आधीच्या मालकाचे मेल यायला लागले. गुगल तसं करत नाही, एकदा काढलेला जीमेलचा पत्ता पुन्हा कोणालाच देत नाही, पण याचाच दुसरा अर्थ असा की तुमचा तुम्हालाही मिळत नाही.

मी यावर उपाय म्हणून कॅलेंडर, रिमाइंडर सगळं करून बघितलं आणि शेवटी टिकली ती चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीला आम्ही सगळे गावच्या घरी असतो, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधून झाली की दुपारी जेवणं व्हायच्या आधी एक तास असा असतो की पुरुष मंडळी नुसती ओसरीवर बसून असतात, त्या तासात मी लॅपटॉप काढतो आणि घरातल्या सगळ्या झोपलेल्या खात्यांत एकेकदा लॉगिन करतो, स्वतःलाच एक मेल पाठवतो, रिकव्हरी नंबर चालू आहे का बघतो. भाऊ हसतो, पूजा झाली का कॉम्प्युटरची म्हणून. हसू दे. वर्षातून एकदा नक्की येणारा आणि विसरता न येणारा दिवस पकडायचा, तुमच्याकडे मुलीचा वाढदिवस चालेल.

आता नावाकडे येऊ. टिंबं लावून बघण्यात काही अर्थ नव्हता, जीमेल टिंबं मोजतच नाही, टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकच धरतो. पण त्याहून महत्त्वाचं, सरळ नाव-आडनाव मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, खरं तर सुटलात. मला २००५ मध्ये एका मित्राने इन्व्हाइट दिलं होतं, जीमेल २००४ ला सुरू झाला तेव्हा इन्व्हाइटशिवाय मिळत नव्हता, सगळ्यांसाठी उघडला २००७ ला. त्यामुळे मला माझं नाव-आडनाव अगदी कोरं मिळालं आणि तेव्हा मी काय मिरवलो असेन. आज त्या पत्त्यावर काय येतं सांगतो. माझ्याच नावाच्या रत्नागिरीकडच्या कोणा माणसाचं विजेचं बिल, पुण्यातल्या एकाच्या सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स, एकाच्या मुलीच्या शाळेची फी पावती, आणि एकदा तर दाबोळीहून सुटणाऱ्या विमानाचं पूर्ण तिकीट, पीएनआर सकट. ही माणसं आपला पत्ता सांगताना पुढचा आकडा विसरतात किंवा समोरचा माणूस लिहिताना गाळतो, आणि ते सगळं माझ्याकडे. मी कितींदा उत्तर लिहिलं की बाबा हा तुमचा माणूस नव्हे. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या सेवेवर सरळ नावांवर स्पॅमवाले नुसत्या अंदाजाने मेल सोडत असतात, पत्ता कोणाला दिलेला नसला तरी कचरा येतो. खासगी पत्ता हवाय ना, मग तो कोणाला सहज सुचेल असा नकोच.

जन्मसाल पण घालू नका. नाव, आडनाव, २०२४ असं लिहिलं की जो बघेल त्याला नाव, घराणं आणि वय एका ओळीत मिळालं. गावाचं नाव घातलं तर उरलंसुरलं पण.

स्पेलिंगचं प्रकरण आपल्याकडे जरा वेगळंच आहे, इथे थोडं थांबतो. ज्ञानदा इंग्रजीत कसं लिहिणार? मराठी माणूस डी-एन-वाय ने सुरू करणार, हिंदीवाला जी-वाय ने, आणि संस्कृतचा अभिमान असलेला मामा जे-एन ने. फोनवर कोणाला सांगायचं झालं तर प्रत्येक वेळी अक्षर अक्षर. त्यात गोव्यातली आडनावं. एकाच घरात आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर देसाईत दोन एस, वडिलांच्या मार्कशीटवर एक, आणि पोराच्या जन्मदाखल्यावर परत दोन कारण क्लार्कने आजोबांचा कागद बघून लिहिलं. नाईकांचं तेच, कामतांचं तेच, प्रभूंचं तर विचारूच नका. पुढे पासपोर्ट, शाळेचा दाखला जुळवताना लोक ते बदलून घेतात, आपल्याकडे नाव-आडनाव बदलायला १९९० चा वेगळा कायदाच आहे. शिवाय लग्नानंतर ती आडनाव ठेवेल की बदलेल हे तुम्ही-मी आज कोण ठरवणार. म्हणून माझं मत, आडनाव पत्त्यात नको. पहिलं नाव आणि त्याला जोडून एखादा साधा शब्द, घरच्यांना माहीत असलेला पण बाहेरच्याला न सुचणारा, आणि इंग्रजीत ज्याचं एकच स्पेलिंग होतं असा. व्ही की डब्ल्यू, एक ई की दोन असा घोळ ज्यात होतो तो शब्द सोडा. आणि लाडाचं नाव घालू नका. आज छबू गोड वाटतं, सतराव्या वर्षी कॉलेजच्या फॉर्मवर ते लिहिताना ती तुमच्याकडे कशी बघेल ते डोळ्यांसमोर आणा.

कुठे काढायचा, हे तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणजे तुम्ही दरवर्षी थोडे पैसे आणि थोडं लक्ष देणार की नाही यावर.

फुकट आणि कमी कटकटीचं हवं असेल तर गुगलचं मुलांचं खातं. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं फॅमिली लिंक या गुगलच्याच सोयीने पालकाच्या खात्याला जोडून काढता येतं, त्यात जीमेल मिळतो, आणि मुलांच्या जीमेलमध्ये ते जाहिराती दाखवत नाहीत. इथे जन्मतारीख तिची, खरी. तुमचा दुसरा प्रश्न होता ना, त्याचं उत्तर हेच. मला माहितीये, नव्वद टक्के आईबाप स्वतःचं साल टाकून मोकळे होतात, कॅफेत मी पण लोकांना तसंच करून दिलंय पूर्वी, का खोटं बोला. पण मग काय होतं, पोर दहा-अकरा वर्षांचं झालं की कोणीतरी हौसेने प्रोफाइलमध्ये खरी जन्मतारीख घालतं, की वाढदिवसाला केक दिसेल, आणि सिस्टीमला कळतं की मालक तेरा वर्षांखालचा आहे, खातं अडकतं. मग पालक धावत माझ्याकडे. आणि तसं नाही झालं तरी त्या खात्याला तुमची मुलगी चाळीस वर्षांचा पुरुष वाटणार, मोठ्यांना दाखवायचं ते सगळं तिला दाखवणार.

पैसे द्यायची तयारी असेल आणि गुगल नको असेल तर जिनेव्हाची प्रोटॉन आहे, सर्न या तिथल्या अणुसंशोधन केंद्रात भेटलेल्या मंडळींनी २०१४ मध्ये सुरू केलेली. त्यांच्या सर्व्हरवर साठवलेलं मेल त्यांना स्वतःला वाचता येत नाही अशी रचना आहे. ऐकायला छान आहे आणि आहेच छान, पण याची दुसरी बाजू लहान मुलाच्या बाबतीत फार लागते. पासवर्ड विसरून रीसेट केलात तर खातं परत मिळतं, पण त्यांनी दिलेली रिकव्हरी फ्रेज (काही शब्दांची ओळ) किंवा फाइल जपून ठेवलेली नसेल तर जुनं मेल कुलूपबंदच राहतं. कंपनीला फोन करून काही उपयोग नाही, त्यांच्याकडेही किल्ली नसते. पंधरा वर्षांच्या कामाला हे निवडायचं तर कागदपत्रं सांभाळायची शिस्त घरात आहे का ते आधी बघा.

तिसरा मार्ग, आणि माझ्या मुलीसाठी मी जो केला तो, घराचं स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव कंपनीचं नाही, आपलं. मुलगी २००८ ची, तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला मी घराच्या नावाचं एक डॉट इन घेतलं. वर्षाला हजाराच्या आत-बाहेर खर्च, वर मेल ठेवायला जागा भाड्याने. फायदा असा की मेल कुठल्या कंपनीकडे ठेवायचं ते नंतर कितीही वेळा बदला, पत्ता तोच राहतो. मी आतापर्यंत तीनदा जागा बदललीय, मुलीला कळलंही नाही. नाव मिळतं का ही भानगडच संपते, घरात जेवढी माणसं तेवढे पत्ते, नुसतं पहिलं नाव पुरतं. तिचा पत्ता म्हणून वेगळं खातं उघडायची पण घाई नाही, डोमेन तुमच्या हातात आहे म्हणजे तिचं नाव राखलेलंच आहे, ती बारा वर्षांची झाली की तेव्हा पेटी उघडून द्या. रिकामं खातं जिवंत ठेवायची कटकट नाही.

पण डोमेनची एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. ते विकत मिळत नाही, भाड्यानेच असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, आणि पैसे भरायचे राहिले की थोडे दिवस वाट बघून ते सुटतं आणि कोणीही उचलू शकतं. बारदेशातल्या एका सहा खोल्यांच्या गेस्ट हाउसचं असं झालं. पावसात बंद असतं ते, कार्डची मुदत संपलेली, रिन्यूअलचे मेल कोणी बघितले नाहीत, ऑक्टोबरात उघडायला आले तर त्या नावावर जुगाराचं पान. पान दिसतं म्हणून लोक त्याचीच काळजी करतात, खरा धोका पुढचा असतो. नवा मालक त्या डोमेनवर येणारं सगळं मेल एका पेटीत वळवून घेऊ शकतो, आणि मग कुठल्याही साइटवर जाऊन पासवर्ड विसरलो म्हटलं की रीसेटची लिंक त्याच्याकडे. तुमच्या मुलीचं सगळं त्या पत्त्याला बांधलेलं असेल तर विचार करा. म्हणून डोमेन घेतलं तर लांबच्या मुदतीचं, ऑटो-रिन्यू चालू, आणि रजिस्ट्रारकडे, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घ्याल तिच्याकडे, जो तुमचा ईमेल नोंदवाल तो त्याच डोमेनवरचा नको. कुलपाची किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवल्यासारखं होतं ते.

देवनागरीतला पत्ता पण काढता येतो, डॉट भारत २०१४ मध्ये सुरू झालं, देवनागरी मराठीलाही आणि कोंकणीलाही, त्यात तरी आपल्याकडे भांडण नाही झालं. मी हौसेने घेऊन बघितलंय. पण अजून कितीतरी फॉर्म तो पत्ता टाकला की लाल रेघ मारतात, त्यामुळे हौसेपुरतंच.

तुमच्याजागी मी असतो तर डोमेन घेतलं असतं, आणि तुम्हाला दरवर्षीचा व्याप नको असेल तर फॅमिली लिंकखाली खऱ्या जन्मतारखेने एक साधं खातं. दोन्हीत पत्ता कोणालाही न सांगता ठेवायचा.

आता किल्ली. बहुतेकांचं खातं पासवर्ड विसरल्याने जात नाही, फोन नंबर बदलल्याने जातं. रिकव्हरीला जुनं प्रीपेड सिम दिलेलं असतं, ते दुसरं कार्ड घेतल्यावर खणात पडतं, रिचार्ज संपतं, नंबर बंद होतो आणि बंद झाल्यावर नव्वद दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, नातवाचं खातं त्यांच्या नंबरावर, तो नंबर आता भलत्याच गावातल्या एका ट्रकवाल्याकडे. त्या बिचाऱ्याने दोनदा ओटीपी सांगितला, तिसऱ्यांदा फोन उचलेना, त्याचं तरी काय चुकलं. तर नंबर आई आणि बाबा दोघांचे असू दे, आणि सिम बदलायला दुकानात जाल तेव्हा हे खातं आठवा.

त्याशिवाय कागद. फोन हाताशी नसताना खात्यात जायला गुगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, एक कोड एकदाच चालतो. ते, पासवर्ड, आणि प्रोटॉन असेल तर रिकव्हरी फ्रेज, हाताने लिहून पाकिटात. दोन प्रती, एक घरच्या कपाटात, दुसरी माहेरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. आणि कपाटात म्हणजे आपल्या कपाटात, जून ते सप्टेंबर ज्यात चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. जेल पेनने लिहिलेलं एक पाकीट माझ्याकडे उघडलं होतं, अर्धं निळं पाणी. बॉलपेन किंवा पेन्सिल, झिपवाली पिशवी. पेनड्राइव्हवर विश्वास ठेवू नका. अजून एक, तुमच्या स्वतःच्या गुगल खात्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून एक सोय आहे, तीन ते अठरा महिने तुम्ही कुठेच दिसला नाहीत तर तुम्ही निवडलेल्या माणसाला कळवलं जातं, हवं तर डेटाही दिला जातो. अशुभ म्हणून लोक टाळतात. मी बायकोचं नाव घालून ठेवलंय, तिने माझं.

तिसरा प्रश्न, केजीचा फॉर्म. नाही, अजिबात देऊ नका. शाळेला दोन वर्षांच्या पोरीशी पत्रव्यवहार करायचा नसतो, तुमच्याशी करायचा असतो, फॉर्म तसा छापलेला आहे इतकंच. तिथे तुमचा पत्ता घाला. मला हे वेगळं ओळखू यायला हवं म्हणून मी घराची एक सामायिक पेटी काढलीय, शाळा, ट्यूशन, पोहण्याचे क्लास, लसीकरण, सगळ्यांना तीच. जीमेलमध्ये तुमच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि शाळा असं लिहून पण चालतं, मेल तुमच्याकडेच येतं, पण आपल्याकडची बरीच पोर्टलं ते अधिकचं चिन्ह घेत नाहीत. का एवढं, तर एका शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्वतः बघितलंय, अख्ख्या वर्गाची एक्सेल शीट, नाव, जन्मतारीख, रक्तगट, आईचा नंबर, ईमेल, स्पेलिंग तपासून घ्या म्हणून टाकलेली. कोणाचा वाईट हेतू नव्हता. दोनशे फोनांत ती गेली ती गेलीच. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो, तेव्हा हा रकाना कशाला हवा असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी विचारतो, बहुतेक वेळा उत्तर येतं, सोडा हो, रिकामा ठेवला तरी चालतो.

उलट टोकही नको. बारावीला एनटीएचे, म्हणजे जेईई-नीटसारख्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरताना मुलाचा स्वतःचा किंवा आईवडिलांचाच ईमेल द्या म्हणून सांगतात ते उगाच नाही. माझ्या कॅफेत एके काळी निम्म्या पोरांच्या फॉर्मवर कॅफेचाच पत्ता असायचा आणि हॉल तिकिटाच्या वेळी रांग लागायची, माझ्या इनबॉक्समध्ये आपलं तिकीट शोधायला. त्या वयाला तिचा पत्ता बाहेर काढा, तोपर्यंत तो स्वच्छ राहिलेला असेल.

आणि खासगी म्हणजे कोणापासून, हे तुम्ही लिहिलं नव्हतं पण विचारतो. जाहिरातवाले, अनोळखी माणसं ही झालीच. पण या पत्त्याचा सगळ्यात मोठा वाचक तुम्ही असणार आहात, पासवर्ड तुमच्याकडे आहे. कधी तरी तो द्यावा लागेल. माझी मुलगी २०२४ मध्ये दहावी झाली, अकरावीच्या ॲडमिशनच्या आधी मी पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, पासवर्ड बदल, मी उठतो. मी पाणी प्यायला आत गेलो आणि तिथेच उभा राहिलो जरा वेळ. बाहेर आलो तर तिने पासवर्ड बदललेला, बाकीची सगळी लॉगिन बंद केलेली, आणि रिकव्हरीतून माझा नंबर काढून आईचा ठेवलेला. माझा का काढला विचारलं तर म्हणाली, पपा तुम्हीच सांगता ना, ज्याची गरज नाही तो ठेवू नये. मला लागलं थोडं, खरं सांगतो. डोमेनचं बिल मात्र अजून मीच भरतो.

तुम्हाला अजून पुष्कळ वेळ आहे. आधी तो जन्मदाखला काढून बघा, देसाईत एस एक आहे की दोन, आणि ज्ञानदाची सुरुवात कशाने केलीय. ते कळवलंत की घराच्या नावाची तीन-चार डोमेनं मोकळी आहेत का बघून सांगतो, पण कळवताना पत्ता कुठला ठरवलात ते मात्र मला लिहू नका.